वरचं दाराशी आहे

बाबा, तुमच्या काउंटरवर आता लाल उजेडाचं एक यंत्र बसलंय. पिशवीवरचा काळ्या पट्ट्यांचा कागद त्याच्यासमोर धरला की ते टुक् करतं आणि शेजारून बिल बाहेर येतं. पैसेही बरेच जण फोनवरूनच देतात. तुम्ही असता तर आधी त्या यंत्राला हात जोडले असते आणि मग मला हळूच विचारलं असतं, "हे रुसलं तं मंग?" रुसतं, बाबा. लाईट गेली की रुसतंच.

हौसेने नाही घेतलं. मंगरूळपीरच्या स्टँडजवळ मोठं मार्ट झालं. तिथे गिऱ्हाईक आत गेलं की चहा निवायच्या आत बाहेर येतं. आपल्याकडे बाजाराच्या दिवशी रांग पार पायरीखाली, आणि खेड्यांवरून आलेल्या बायांचा अर्धा जीव बसमध्ये. एकेक जणी रांग सोडून तिकडे जाऊ लागली. दादा म्हणाला, "दुकान किरायानं देऊन टाकू. तू कायले जीव काढून राह्यली?" मी दिवाळीच्या बाजारापर्यंतची मुदत मागून घेतली. तुमच्यामागे इतकी वर्षं मी या दुकानातच जगले, ते गेलं तर सकाळी उठून जायचं कुठे, हे मात्र त्याला सांगितलं नाही.

मग कंबर कसली. डाळ, साखर, पोहे, सगळं आधीच तोलून पिशव्यांत बंद केलं, वर पट्ट्यांचे कागद चिकटवले. म्हटलं, आता रांग पळणार! आणि पहिल्याच बाजाराला रांग जागची हलेना. यंत्र टुक् करतंय, बिल निघतंय, पैसे आलेत, आणि बाई पिशवी घेऊन समोर उभी ती उभीच. वर माझ्याकडे पाहून हसतेय. मला वाटलं, बिल चुकलं की काय. शेवटी एका म्हाताऱ्या बाईने पदरच पुढे पसरला. "वरचं टाक ना व माय. तुह्या बापानं कधी वरच्याबिगर सोडलं नाही. मी अशी कशी जाऊ?"

मी कपाळावर हात मारला. बंद पिशवीत वरचं टाकायचं कुठून? एकदम जुनं आठवलं: मी शाळकरी आहे, सुट्टीत तुमच्याजवळ बसून तूरडाळ तोलतेय. काटा अगदी मधोमध आणला म्हणून फुशारकीने तुमच्याकडे पाहते, तर तुम्ही गिऱ्हाइकासमोरच दटावता, "काटा बरोबर आला म्हंजे झालं का? टाक वरचं." आणि तुमची भरली मूठ पिशवीत रिकामी होते. एवढं नीट तोललं त्याचं कौतुक राहिलं बाजूलाच, म्हणून मी दिवसभर फुगून बसले होते. पुढे माझाही हात आपोआप तेच करू लागला. आपोआप होत होतं, म्हणूनच पिशव्या बंद करताना त्याची आठवण झाली नाही.

मग फुटाण्यांचा मोठा डबा भरला आणि काउंटरवर न ठेवता थेट दाराशी ठेवला. बिल झालं की सांगायचं, "वरचं दाराशी आहे." बाबा, बाया अशा सरसर पुढे निघाल्या की यंत्राला दम लागला!

दिवाळीच्या बाजाराला दादा आला, मुदत संपली हे सांगायलाच. गर्दी एवढी की मी त्याला बोलूच दिलं नाही, दाराशी उभं केलं. आधी तो चमच्याने मोजकं वाढत होता, चेहरा पंक्तीत राबवलेल्या जावयासारखा. मग चमचा सुटला आणि दोन्ही हात चालू झाले. दुपारी तिथूनच ओरडला, "डबा सरला! दुसरा कुठी हाये?"

"आन् किरायाचं काय?" मी विचारलं.

"आधी डबा दे. लोक उभे हायेत."

तो विषय त्याने पुन्हा काढला नाही. आता दर बाजाराला तोच दाराशी उभा असतो.

लोक म्हणतात, लेक बापावर गेली. मी ऐकून घेते, सुखावतेही. पण खरं सांगू? तुमच्यासारखी मूठ दादाची सुटते. माझी अजून जराशी आवळलेलीच असते. हे त्याला मी मेले तरी सांगणार नाही, आणि हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणूनच लिहून टाकलं.