वजा न झालेले चौदा महिने

३ मार्च

ती. ताईस, आणि तुझ्यासोबत भेटीच्या रांगेत उभ्या राहणाऱ्या सगळ्या आयाबहिणींना,
शि. सा. न.

आपली माणसं आत बसतात आणि त्यांचे दिवस कुणी धरत नाही, हे आपल्या सगळ्यांचं एकच दुखणं आहे. निकालाआधी कच्चा कैदी म्हणून मी चौदा महिने काढले. ते शिक्षेतून वजा करा, एवढंच मागतो, दया नको. वजा झाले तर याच महिन्यात सुटेन, आईला डोळ्यांनी पाहीन. पण त्या पहिल्या तुरुंगातलं रजिस्टर भिजून गेलं म्हणतात. तिसरा अर्जही फेटाळला. कारण काय, तर घरच्या चौकशीत दुजोरा मिळाला नाही. चौकशीला कोण आलं होतं, शोध घे. इकडे माझी चप्पल तुटली आहे, सभांमधली भाषणं शाबूत आहेत.

लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.
तुझा धाकटा

१९ मार्च

चि. धाकट्यास, अ. आ.

शोध लांब करावा लागला नाही. मी शिवणकामाला गेले असताना शिपाई आला होता. आईने त्याला खुर्ची दिली, पाणी दिलं आणि सांगितलं की मुलगा तेव्हा परगावी कारखान्यात होता, साहेबांचा लाडका. शेजारणींना सांगत आली तेच. वर अंगठाही दिला. मी रागावले, तर म्हणाली, घरची अब्रू शिपायाच्या हातात देऊ काय?

वकील म्हणतात, तिने जबाब बदलला तर चौथा अर्ज करता येईल, पण आशा धरू नका. डॉक्टर आईबद्दल उन्हाळ्यापलीकडचं काही बोलत नाहीत. काल तिने विचारलं, त्याला रजा कधी मिळणार? थट्टा करत नव्हती रे. आता तिला ते खरंच वाटतं.

माया आहे तिथेच आहे.
ताई

२७ मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

तिच्यावर चिडू नकोस. सभांमधून तुरुंगाची लाज टाका म्हणून मी घसा फोडला, आणि घरी कारखान्यातली पत्रं मीच लिहून पाठवली. शेजारणींसमोर ती तूच वाचून दाखवायचीस. तो कारखाना आपण तिघांनी उभारला, ताई.

चौथा अर्जही तिसऱ्याच्याच वाटेने जाईल. मंजूर झाला तरी तोवर ती थांबेल असं वाटत नाही. पण ते चौदा महिने मी तुरुंगात होतो; कुठेच नव्हतो, असं मागे ठेवून तिने जाऊ नये.

तुझा हात तिच्या पाठीवर राहो. उद्या सकाळी शेजारणींना बोलाव, दार उघडं ठेव आणि हे पत्र तिला मोठ्याने वाचून दाखव.

धाकटा