पाणकोटच्या वेशीवरील पाटी

मी, श्रिया सदानंद आचरेकर, वय सव्वीस, राहणार मौजे पाणकोट, तालुका मालवण, जिल्हा सिंधुदुर्ग, हे मृत्युपत्र स्वहस्ते, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दडपणाशिवाय लिहीत आहे. येत्या सोमवारी गोव्यातील रुग्णालयात माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. डॉक्टरांनी धोका समजावला तेव्हा आई खोलीबाहेर होती. सोमवारपर्यंत हा कागद तिला दाखवू नये.

१. माझ्या कानांतील कुड्या आई सुगंधा हिला. तिने त्या मोडू नयेत, घालाव्यात.

२. लिहिण्याचे टेबल भाऊ धनेश यास. त्यावर त्याने चहाचा कप ठेवला म्हणून मी पाच महिने अबोला धरला होता. आता त्याने कप कुठेही ठेवावा.

३. पेटीतील पुस्तके आणि अकरा वह्या गावच्या वाचनालयास. वह्यांत पाणकोटच्या कोटाला पडलेल्या तीन वेढ्यांची हकिकत आहे. पहिला वेढा नदीने मोडला. ओहोटीला शत्रूचे मचवे गाळात रुतले. दुसरा पावसाने मोडला. तिसरा एक्केचाळीस दिवस चालला आणि दार आतून उघडले गेले.

४. त्या दाराविषयी मी नववीत निबंध लिहिला. दारवटकर घराण्याच्या मूळ पुरुषाने फितुरी केली, असे छापील पुस्तिकेत होते. लिहिण्यापूर्वी मी त्यांच्या घरी गेले होते. काशीबाई दारवटकर मला म्हणाल्या होत्या, "गो बाय, दार उघडल्यान ता खरा, पण हुकमान. पाणी सरलेला, पोरां तहानेन मरत होती." मी ते वगळले. ते छापलेले नव्हते. निबंध जिल्ह्यात पहिला आला आणि ग्रामपंचायतीने तो माझ्या नावासह वेशीवरच्या पाटीवर रंगवला. काशीबाईंची नात किशोरी माझ्या बाकावर बसत असे. वर्गात मुले तिला विचारू लागली, "चावी खंय गो, किशोरी?" पुढच्या वर्षी तिने आचऱ्याच्या शाळेत नाव घातले.

५. दोन वर्षांपूर्वी देवळाच्या दप्तरात मला किल्लेदाराचे मोडी पत्र सापडले. विहीर आटली आहे, लेकरे वाचवावीत, दार उघडावे, अशी त्यात दारवटकराला स्पष्ट आज्ञा आहे. पत्राची नक्कल घेऊन मी ग्रामसभेत उभी राहिले. सरपंच भाई म्हणाले, "काय बोलाचा आसा तुका?" मी म्हणाले, "नाय, काय नाय." आणि बसले.

गेल्या आषाढात काशीबाई गेल्या. त्यांना त्याच पाटीखालून नेले. मी वाचनालयाच्या खिडकीतून पाहिले.

६. माझ्या मृत्यूनंतर धनेशने ते पत्र गावापुढे वाचावे आणि पाटी उतरवावी, असे हे कलम मंगळवारी लिहिले होते. मेल्यानंतर वाचला जाणारा कागद माझ्यासारखीला सोयीचा असतो. उलट कोणी विचारत नाही. काल साक्षीदार म्हणून सही मागायला मी किशोरीकडे गेले. ती शिलाई मशीनवर होती. तिने कागद शेवटपर्यंत वाचला.

"म्हणजे तू मेलंस तरच पाटी उतारतली? आणि जगलंस तर आमी फितूरच?"

मी कागदाची घडी घातली.

"आजी होती तेवापण तू गप्पच होतंस. आदी पाटी काढ. मगे सही करतंय."

सबब हे कलम रद्द केले आहे.

७. आज सकाळी वेशीत मी ते पत्र स्वतः मोठ्याने वाचले. आवाज दोनदा बसला. भाई म्हणाले, "दमान वाच गो, आमी खंय जातंव?" धनेशने शिडी लावून पाटी उतरवली. ती माझ्या खोलीत आहे. मी जगले तर ती माझ्यासमोर राहावी. न जगले तर माझ्या चितेवर घालावी.

८. साक्षीदाराच्या नावे काही ठेवू नये, असे वाचले आहे. म्हणून किशोरीला या कागदात काही दिलेले नाही. काशीबाईंना जे द्यायचे होते, ते आता कोणत्याही कलमात बसत नाही.

स्थळ: पाणकोटची वेस
दिनांक: १६ जानेवारी २०२५

श्रिया सदानंद आचरेकर

साक्षीदार:
१. मथुरा विष्णू पेडणेकर, ग्रंथपाल
२. किशोरी अनंत दारवटकर. पाटी उतरलेली बघून सही केली. सोमवारी मी तुझ्या वांगडा गोव्याक येतंय.