माझ्याच हाताखाली गप्प

ता. २ ऑगस्ट

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

भाऊजींचा गुडघा सुधारला हे वाचून बरं वाटलं. आता माझं ऐक आणि हसू नकोस. मी सध्या मत्सराने नुसता जळतोय, आणि तेही पोटातल्या बाळापायी.

हिला सातवा महिना लागला. बाळ दिवसभर उड्या मारतं म्हणे. सासूबाई मुक्कामाला आल्यात, त्यांनी हात ठेवला की लाथ. मेहुणा दर रविवारी मोसंबी घेऊन येतो आणि बहिणीच्या पोटावर बोटांनी ठेका धरतो, की लगेच आतून उत्तर. सगळे टाळ्या पिटतात. मी हात ठेवला की सामसूम! वर्गात मुख्याध्यापक शिरल्यासारखी. माझ्या अंगाचा कसा तिळपापड होत असेल, तूच सांग.

संध्याकाळ तेवढी आमची दोघांची होती. रेल्वेच्या नव्या वेळापत्रकाची प्रुफं मी घरी आणायचो. मी मोठ्याने वाचायचं, हिने मूळ प्रतीवर बोट ठेवून ताडून बघायचं. ही माझ्याबरोबर छापखान्यात कामाला होती, तेव्हापासूनची आमची जोडी ती. तर गेल्या रविवारी ही म्हणाली, की तुम्ही वाचायला लागलात की बाळ एकदम गप्प होतं. म्हणजे बापाचा हात नको, आवाजही नको! गेल्या सोमवारपासून मी प्रुफं घरी आणणंच बंद केलंय.

आणखी एक. छापखान्याच्या परगावच्या शाखेत सहा महिन्यांसाठी माणूस हवाय. मी हो म्हणून आलोय. एक सप्टेंबरला रुजू व्हायचंय. घरी बोललेलो नाही. तूही बोलू नकोस, तुला माझी शपथ.

लोभ आहेच, या महिन्यात जरा जास्त लागेल.
तुझा,
धाकटा

ता. ७ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

हसू नकोस म्हणालास, पण हसले. तुझ्या भाऊजींना वाचून दाखवलं, तेही गुडघा धरून हसले.

तू झालास तेव्हा मी सात वर्षांची होते. आठवडाभर आईशी अबोला धरला होता आणि तुझी सगळी झबली माळ्यावर लपवली होती. तेव्हा जळणं काय असतं ते मला शिकवू नकोस. त्याची लाज वाटायचं कारण नाही. बायकोला आठव्या महिन्यात टाकून पळतोयस, त्याची मात्र वाटू दे. शहाण्या, तिला काय वाटेल हे एकदा तरी मनात आलं का?

शपथ घातलीस, ती पाळते. पण वहिनीला मी वेगळं पत्र टाकलंय. त्यात एवढंच विचारलंय, की झोप नीट लागते ना.

रागावलास तरी माझा लोभ कमी व्हायचा नाही.
तुझी,
ताई

ता. १२ ऑगस्ट

ती. वन्सं यांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही झोपेचं विचारलंत आणि मला रडूच आलं. पंधरा दिवस डोळ्याला डोळा नाही. बाळ एक मिनिट स्वस्थ बसत नाही. दादा ठेका धरतो तेव्हा सगळ्यांना मजा वाटते, मला मळमळतं. पण एवढ्या हौसेने येतो, त्याला सांगू कसं?

हे वाचायला बसायचे तेव्हा असं नव्हतं. गाडीचा नंबर, स्टेशन, सुटायची वेळ, सगळं एका संथ सुरात. पाचव्या पानाला बाळ शांत, सहाव्याला मी. कौतुकाने मी ते बोलून दाखवलं, तर तोंड पाडून बसले आणि दुसऱ्या दिवसापासून वाचणंच बंद! आता मूळ प्रत कोण धरतं विचारलं, तर म्हणाले, छापखान्यात नवी लागलेली मुलगी. वन्सं, त्या बिचारीला मी पाहिलेलंही नाही, पण तिच्या झिंज्या उपटाव्याशा वाटतात.

काल यांच्या शर्टाच्या खिशात परगावी रुजू व्हायचा कागद सापडला. घडी होती तशी घालून परत ठेवला. विचारलं नाही. विचारलं आणि खरंच जायचंय म्हणाले, तर मी काय करू?

या वेड्या वहिनीवर माया असू द्या.
तुमची,
वहिनी

ता. १६ ऑगस्ट

चि. धाकट्यास,
आशीर्वाद, या वेळी एकच.

शपथ मी मोडलेली नाही. तुझा खिसाच बोलला. सोबत वहिनीचं पत्र जोडलंय. प्रूफ वाचतोस तसं वाच, मोठ्याने, एक शब्दही न गाळता. मग काय ते ठरव.
ताई

ता. २५ ऑक्टोबर

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तू आत्या झालीस! मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. परगावी जायला नाही म्हणून कळवलं, ते किती बरं झालं!

आवाज मात्र दणदणीत. काल दुपारी सगळा दवाखाना डोक्यावर घेतला होता. सासूबाईंनी फेऱ्या मारून पाहिलं, नर्सने कुशीवर निजवून पाहिलं. मेहुण्याने पलंगाच्या कडेवर ठेका धरला, तर आणखीच किंचाळली. मी पिशवीतून वेळापत्रकाची शेवटची प्रुफं काढली आणि वाचायला लागलो. दुसऱ्या गाडीला हुंदका थांबला, चौथ्या गाडीला मूठ सुटली. मेहुणा चेहरा पाडून बाहेर गेला. खरं सांगू? मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

पण ही भिंतीकडे तोंड फिरवून पडली होती. म्हणाली, की नऊ महिने मी वागवलं आणि गप्प व्हायला हिला बाप लागतो. तो सूर मी चांगलाच ओळखतो, ताई. मूळ प्रत हिच्या हातात दिली, पेन्सिल दिली आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरू केलं.

सहाव्या पानावर दोघी झोपल्या. सातव्यावर एका गाडीची सुटायची वेळ चुकीची वाटत होती. पण मूळ प्रत हिच्या गालाखाली होती आणि पेन्सिल लेकीच्या दुपट्यात. चूक तशीच सोडून मी पुढे वाचत राहिलो.

तुझा लोभ आता आम्हा तिघांत वाटला जाईल. मी भांडणार नाही.
तुझा,
धाकटा