लंकामावशीच्या तीन गोळ्या

१२ नोव्हेंबर

केंद्राच्या पुष्पावती मॅडमना आज तोंडावर सांगितलं — झाडांना पाणी मी घालणार नाही! व्यसनमुक्ती केंद्रातून बाहेर पडलेल्याने सहा महिने सेवा करायची, हे मान्य. पण ज्याला त्याला झाडंच! नगरमधली निम्मी झाडं आमच्यासारख्यांनीच जगवली असतील. मी म्हटलं, मला माझ्या गावात टीबीच्या पेशंटला रोज गोळ्या द्यायचं काम द्या. गोळ्या पोटात गेल्या की नाही हे बघायला माणूस लागतं आणि आशा सेविकांना तेवढी सवड नसते.

मॅडम चष्म्यावरून बघत राहिल्या. "गोळ्या? तू?"

हो, मी! नागापूरच्या कंपनीत दिवसभर उभं राहून पाठ दुखायची म्हणून एक घेतली, मग एकीच्या चार झाल्या, मग पाठ दुखत नसली तरी घेत गेले. म्हणून काय जन्मभर गोळी दिसली की डोळे मिटायचे? टीबीच्या गोळीने नशा येत नाही. आणि गोळ्यांतलं माझ्याइतकं कळतं कुणाला?

हसल्या. परवानगी मिळाली.

१७ नोव्हेंबर

पहिला दिवस. पेशंट लंकाबाई — साठीच्या पुढची, अंगाने काडी, जीभ मात्र तिखट. गावात अर्ध्या घरांना कुलपं, सगळे ऊसतोडीला. तिचा मुलगा कल्याणही बायकोला घेऊन कोल्हापूरकडे गेलाय. म्हातारी एकटी.

गोळ्यांचं पाकीट ज्योतीताईंच्या ताब्यात. त्या आमच्या गावच्या आशा सेविका. रोज सकाळी मोजून तीन गोळ्या माझ्या हातावर ठेवणार. मोजून! राग आला, गिळला.

लंकामावशी म्हणाली, "तू ती न्हवं का, नगरला दवाखान्यात ठिवलेली? आन् आता मला औषिद देती व्हय!"

"व्हय," म्हटलं, "घ्या पाणी."

२१ नोव्हेंबर

मावशीचा चहा म्हणजे नुसता पाक. दोन कप प्याले.

३ डिसेंबर

काहीतरी गडबड आहे. मावशी गोळ्या तोंडात टाकते, पाणी पिते, मग पदराने तोंड पुसते. जरा जास्तच वेळ पुसते. हे पुसणं माझ्या ओळखीचं! केंद्रात सुरुवातीला मी हेच करायचे — गोळी गालात धरायची, ओढणीत काढायची, साठवायची आणि एकदम घ्यायची. सिस्टरना कित्येक दिवस पत्ता नव्हता.

आज म्हटलं, "मावशी, तोंड उघडा. जीभ वर करा."

"मी काय बाजारातली म्हस हाय का, दात बघाया? निघ हितनं!"

निघाले. उद्या परत जाणारच आहे.

५ डिसेंबर

ज्योतीताईंनी मावशीचं वजन केलं. वाढायचं सोडून उतरलंय. दाराबाहेर आल्यावर हळूच म्हणाल्या, "सुकन्या, खरं सांग. गोळ्या जातात कुठं?"

माझ्याकडे बघून! मी भडकले. "ताई, टीबीच्या गोळीनं नशा झाली असती तर सरकारनं ती फुकट वाटली असती का?" त्या हसल्या नाहीत. म्हणाल्या, सोमवारपासून दुसरं कुणीतरी बघते.

किराणा दुकानातही तेच — "गोळीवाल्या पोरीच्या हाती गोळ्या!" आईने ऐकलं. आई जेवली नाही. मी जेवले, दोन भाकरी. मी काही केलेलं नाही, मी कशाला उपाशी राहू! सोमवारच्या आत याचा निकाल लावते.

७ डिसेंबर

लागला!

आज गोळ्या दिल्यावर उठलेच नाही. बोलत बसले. हे विचार, ते विचार. मावशी नुसती मान हलवतेय. गालातली गोळी विरघळायला लागली की किती कडू होते ते मला ठाऊक आहे. शेवटी तोंड वाकडं करून तिने हातावर थुंकल्या — दोन. एकच गिळली होती.

आणि रडायला लागली. "कल्याण बी लई खोकतो गं. तिकडं त्याला कोन देतंय? टेम्पोवाल्यासंगं पिठाच्या डब्यातनं धाडते. मला म्हातारीला एक बास हाय."

मी लपवायचे ते माझ्यासाठी. ही लेकासाठी लपवत होती.

पण सांगितलंच. एका गोळीने तुम्ही बऱ्या होणार नाही आणि दोनने तोही होणार नाही. उलट आजार असा मुरेल की मग या गोळ्या चालायच्याच नाहीत. त्याने तिकडच्या सरकारी दवाखान्यात तपासून घेतलं तर त्याला त्याच्या वेगळ्या मिळतील, फुकट.

"मुकादमाला कळलं तर टोळीतनं काढंल त्याला. ज्योतीला सांगू नगंस. माज्या गळ्याची आन हाय तुला."

आण मोडली. तडक ज्योतीताईंकडे गेले. झाकून ठेवायचं काम मी पुष्कळ केलंय, त्यात कुणाचं भलं झालेलं पाहिलं नाही. ताई खाली बघत म्हणाल्या, "चुकलं माझं."

८ डिसेंबर

मावशीने गोळ्या घेतल्या. न सांगता तोंड उघडून दाखवलं. एक शब्द बोलली नाही. चहा नाही.

२० डिसेंबर

कल्याणला टीबी निघाला. तपासायला जा म्हटलं तेव्हा फोनवर माझ्यावर ओरडला होता. मी त्याच्या दुप्पट ओरडले. आता तिकडेच गोळ्या सुरू झाल्या. मुकादमाने काढलं तर नाहीच, उलट घाबरून सगळ्या टोळीला दवाखान्यात नेलं — रांगेत पहिला तो स्वतः!

ज्योतीताईंनी मावशीचं अख्खं पाकीट माझ्याकडे दिलं. "ठेव तुझ्यापाशीच." गावातून जाताना मुद्दाम हातात धरून गेले. बघू देत!

मावशीचं वजन वाढतंय. अबोला मात्र तसाच.

८ जानेवारी

दाढ. गाल पुरीसारखा फुगलाय.

९ जानेवारी

पाथर्डीला जाऊन दाढ काढली. डॉक्टरने दुखायच्या गोळ्या लिहून दिल्या. तीच गोळी. नाव वाचावं लागलं नाही, रंगावरूनच ओळखली. त्यांना सांगायची हिंमत झाली नाही. एसटीत पुडी मुठीत धरून बसले, गाव येईपर्यंत मूठ ओली झाली. मी भ्याले. फार भ्याले.

घरी गेलेच नाही. लंकामावशीच्या दारात जाऊन पुडी तिच्या हातात दिली. म्हटलं, "मावशी, या तुम्हीच द्या मला. मी मागितल्या तरी जास्त देऊ नका."

तिने पुडी कमरेला खोचली. चुलीकडे वळली.

"बस. ज्वारीच्या कन्या शिजवते. उपाशीपोटी न्हाई द्यायची."