गाडीले हापशीचं पाणी

२ एप्रिल, बुधवार
ऑइल पाहिलं. पट्टीवर खालच्या रेघेले टेकलं होतं, अर्धा लिटर टाकलं. डाव्या मागच्या चाकात हवा कमी. हापशीचं पाणी २ गडवे. क्लच पुन्हा करकरते. करकरू दे.
मिरचीचे सहा पोते, धने, हळद गाडीत भरून ठेवले. उद्या वडगावचा बाजार. बाया आता वर्षाचं तिखट करतात. हे दोन महिने धंदा झाला तर झाला, मंग पावसाळाभर माशा मारा.

३ एप्रिल, गुरुवार
साडेसहाले निघालो, मी अन् हे. ह्यायले डोळ्यानं कमी दिसते, म्हणून गाडी मी चालवते अन् हे बाजूले बसून देवाचं नाव घेतात. पुलाच्या चढावर गरमीचा काटा लालकडे गेला. थांबली नाही. उतारावर आला खाली.
जागेवर पाल ठोकलं. निंबाखालची कोपऱ्याची जागा, नऊ वर्षांपासून माही. साडेचार पोते गेले. बाजूची सुमन म्हणे, "मावशे, तुही गाडी खोकलते वो." म्हटलं, "तू नाही खोकलत का? म्हणून तुले कोनं भंगारात टाकलं का?"

५ एप्रिल, शनिवार
पाणी २ गडवे. रोज एवढं पाणी पेते तरी कुठी जाते समजत नाही.
हे म्हणतात, एखादा गडवा गोड पाण्याचा टाकत जाय. नळाले गोड पाणी येते आठव्या दिवशी. ते प्याले अन् दाळीले पुरवता पुरवता जीव जाते. म्हटलं, माणसाले नाही अन् गाडीले पाजू? तिले काय जीभ आहे खारं-गोड पाहाले? 

७ एप्रिल, सोमवार
पाणी ३ गडवे. ग्रीस मारलं. ब्रेक आता खाली जातात, दोनदा दाबा लागते.
ही वही सलीमभाई मिस्त्रीनं लिवाले लावली, गाडी घेतली तवा. मूर्तिजापूरले त्याचं ग्यारेज. म्हणे, "बाई, जुनी गाडी आहे, मीटर तीन लाखावर बंद पडलं आहे. खरं किती चालली ते तिलेच माहीत. काय टाकलं, काय काढलं, लिहत जा. मले विचारू नका मंग." माही शाळा चौथी. गाडीचं लिहता लिहता घरचंही येते, येऊ दे. आमच्या घरी पयले सायकलसुद्धा नव्हती.

१० एप्रिल, गुरुवार
बाजार गेला.
पुलाच्या चढावर काटा लाल. वाटलं मागच्या खेपीसारखा येईन खाली. हे म्हणाले, थांब. नाही थांबली. नऊच्या आत पाल ठोका लागते नाही तर बाजाराचा ठेकेदार जागा दुसऱ्याले देते, त्याचा नियम. दोन किलोमीटर तशीच हाकलली. मंग वास आला, वाफ आली, पांढरा धूर, अन् गाडी मधातच बसली.
ट्रॅक्टर मागून सलीमभाईच्या ग्यारेजात ओढून नेली. तो पातूरले लग्नाले गेला होता. मिरचीचे पोते ट्रॅक्टरनं परत घरी. सुमनचा फोन आला, तुह्या जागेवर आज बालदीवाला बसला म्हणून. बसू दे आजच्या दिवस.

११ एप्रिल, शुक्रवार
सकाळीच गेली. स.भाईनं बोनट उघडलं, पाहिलं, म्हणे, "रेडेटर जाम आहे."
डोकं फिरलं माहं. दिवाळीतच नवा रेडेटर टाकला होता ह्याच मिस्त्रीनं. सहा महिन्यात जाम कसा होते? म्हटलं, "नवा काढून घेतला अन् भंगारातला बसवला तुमी. बाईची गाडी पाहिली, वाटलं तिले काय समजते." बाजूच्या चहाच्या टपरीवर आठ-दहा माणसं होती. सगळे पाहून राहिले. मी आणखी दोन-चार बोलली. काय ते लिहत नाही.
स.भाईनं पान्हा घेतला, रेडेटर खोलला, माह्या पायापाशी आणून ठेवला. "घ्या. अकोल्याले न्या. दुसऱ्याच्या हातानं उघडून पाहा कोनाचा आहे ते. गाडी इथीच राहू द्या, मी हात नाही लावत."
"नेतेच," म्हटलं.

१२ एप्रिल, शनिवार
अकोला. रेडेटर मांडीवर घेऊन एसटीत बसली. कंडक्टर म्हणे, "मावशी, याचं तिकीट काढा लागते." त्याच्याकडे असं पाहिलं का पुढं सरकला.
रेडेटरवाल्यानं वरची टाकी सोडली. आतून पांढरं. मिठाच्या खड्यासारखं, नळ्या गच्च. पेचकसनं खरवडलं तर पापुद्रे निघाले. म्हणे, "पाणी कुठलं टाकता वो बाई?"
मी एक पापुद्रा उचलून बोटात चुरला.
"खारपाणपट्ट्यातल्या का तुमी?"
 आमच्या घरी पाण्याच्या गुंडाले, गंजाले बाहेरून हेच पांढरं बसते. दर दिवाळीले चिंच लावून घासते मी. हे मले माहीत नव्हतं असं नाही. गाडीच्या पोटात बसन हे डोक्यातच आलं नाही.
बाजूच्या पट्टीवर खिळ्यानं ओरखडून स.भाईची खूण होती, तारीख टाकून. म्हणजे त्यानं बसवला तोच हा.

१३ एप्रिल, रविवार
रेडेटर साफ होऊन आला आहे, दारात ठेवला. हे म्हणाले, जाऊन ये मूर्तिजापूरले. म्हटलं उद्या.

१४ एप्रिल, सोमवार
जयंती. गावात मिरवणूक, ग्यारेजं बंदच असतीन. बरं झालं.

१६ एप्रिल, बुधवार
ग्यारेज चालू आहे, हे माहीत आहे मले. गेली नाही.
जुन्या टेम्पोवाल्याले विचारलं, उद्याच्या बाजारचं भाडं मारतं का. म्हणे, "काकू, आता तुमची घरची गाडी आहे ना! मी गव्हाच्या भाड्यात गुंतलो." दात काढले वरून. त्याच्याच टेम्पोतून सात वर्षं त्याच्या मर्जीनं गेली अन् त्याच्या मर्जीनं आली. कुठी जेवाले थांबन, कुठी झोपन, आमी मिरचीवर बसून राहाचं. म्हणून तर घेतली होती गाडी.

१७ एप्रिल, गुरुवार
दुसरा बाजार गेला.
ठेकेदाराचा निरोप सुमनच्या फोनवर. लागोपाठ तिसरा बाजार चुकला का जागा बालदीवाल्याच्या नावानं. मंग मले मागच्या नालीपाशी, जिथी गिऱ्हाईक नाकाले पदर लावून येते. तिथी मिरची कोन घेईन.
हे जेवताना म्हणाले, "गाडी नाही अडली वो. तू अडली." ताट तसंच ठेवलं मी. मंग जेवली.

१८ एप्रिल, शुक्रवार
गेली. टपरीवर तेच माणसं, त्यायले काय काम असते रोज. मनात होतं स.भाईले मागच्या बाजूले बोलवून सांगू. मंग वाटलं, बोलली तर सगळ्यायसमोर होती.
म्हटलं, "सलीमभाई, रेडेटर तुमचाच होता. पाणी माहं होतं. हापशीचं. मी खोटं बोलली तुमाले."
टपरीवरचा एक हसला. स.भाईनं त्याच्याकडे पाहिलं तर थांबला.
मले म्हणे, "वही लिहता का?" पिशवीतच होती. दिली. चष्मा लावून एक एक पान पाहिलं त्यानं. "हापशीचं दोन गडवे. दोन गडवे. तीन गडवे. अल्ला! रोज?" घरचं लिहलं आहे तिथी बोट ठेवून पुढं जाय, वाचे नाही. भला माणूस.
मंग म्हणे, "ज्या पाण्यात तुमची दाळ शिजत नाही बाई, त्या पाण्यात तुमी गाडी शिजवली."
आता मात्र सगळे हसले. मीही हसली. काय करता.
बोनट उघडलं. म्हणे, एवढी गरम झाल्यावर दोन किलोमीटर हाकलली, आतलं गॅसकेट गेलं असन. ते बदलता येते. पण इंजिनाच्या वरच्या झाकणाले, हेडले, तडा असला तर ह्या इंजिनाचं काही खरं नाही. "गुरुवारपर्यंत होईन का?" म्हटलं. "होईन का विचारा. पायजे म्हणू नका."

२१ एप्रिल, सोमवार
हेड खोललं. वाकलं आहे. अकोल्याले मशीनवर पाठवलं घासाले. तड्याचं म्हणे नक्की सांगता येत नाही, बारीक असला तर थंड्यात दिसत नाही, गरम झाल्यावर उघडते.
मी दिवसभर तिथीच बसली. चारदा विचारलं किती वेळ. पाचव्यांदा स.भाई म्हणे, "बाई, घरी जा. तुमी बसल्यानं पान्हा जोरात नाही फिरत."

२३ एप्रिल, बुधवार
चालू झाली. पयल्या झटक्यात नाही, तिसऱ्यात. आवाज जरा घोगरा. स.भाईनं इंजिन थंड ठेवाचं हिरवं पाणी टाकलं, झाकणाले तार बांधली. म्हणे, "हे झाकण तुमी उघडाचं नाही. कमी झालं तर इथी या. अडलीच कुठी, तर नळाचं पाणी. नाही तर उभी राहू द्या."
उद्याचं विचारलं. त्याचं म्हणणं, उद्या नको, दोन दिवस रिकामी फिरवा. म्हटलं जागा जाईन. बराच वेळ हात पुसत राहिला. मंग म्हणे, अर्धा माल. चाळीसच्या वर नाही. पुलाचा चढ झाला का वीस मिनिटं उभी करा, इंजिन चालू ठेवून, काटा पाहा. खाली आला तर जा. वर चढला तर बंद करा अन् मले फोन करा, एक हात पुढं नेऊ नका. "कबूल?"
कबूल.

२४ एप्रिल, गुरुवार
गाडीतच बसून लिहते, इंजिन चालू आहे म्हणून अक्षर हालून राहिलं.
पुलाचा चढ चढली. तीन पोते माल. काटा अर्ध्याच्या वर गेला, लालच्या अलीकडे थांबला. आठ पंचविसाले बाभळीखाली उभी केली.
वडगाव अजून सहा किलोमीटर. बालदीवाल्याचा टेम्पो आताच पुढं गेला, वरून हात दाखवला हलकटानं. हे म्हणतात, "चाल ना वो, नऊ वाजून जातीन." एवढ्या वर्षात पयल्यांदा ह्यायले घाई अन् मी बसून आहे. म्हटलं, कबूल केलं आहे.
पाय मात्र आपोआप क्लचवर जाते. काढून खाली ठेवला.
काटा जिथल्या तिथी. वर नाही, खाली नाही.
बारा मिनिटं झाले. आठ राहिले.