लाल झाकण, निळं झाकण

तीर्थरूप दादास,

धाकटीचा नमस्कार. तुझी तब्येत ठणठणीत आहे असं मी धरून चालते. आजारी असतास तर फोन केला असतास. इकडे आप्पा बरे आहेत (पाय आणि स्वभाव सोडून). मीही मजेत.

पत्रास कारण, प्रयोगशाळेत मी घातलेला गोंधळ. आमच्याकडे काही उंदरांना असा विषाणू दिलेला असतो की तो महिनोन्‌महिने अंगातून हलत नाही. त्याच्याशी लढणाऱ्या पेशी आधी त्वेषाने तुटून पडतात, पण समोरचा जातच नाही म्हटल्यावर हळूहळू हात टेकतात. मरत नाहीत बरं का. जागेवर असतात, काम मात्र होत नाही. (तुझ्या ऑफिसातल्या लोकांसारखं नव्हे. या आधी खरंच राबलेल्या असतात.) अशा दमलेल्या पेशींच्या नळीला लाल झाकण, आणि झटपट बऱ्या झालेल्या उंदरांच्या पेशींना निळं. परवा दमलेल्या पेशींना पुन्हा लढायला लावणाऱ्या सरांच्या नव्या औषधाची चाचणी होती आणि मी झाकणं उलटीसुलटी लावली.

झालं! लाल झाकणवाल्या पेशी पैलवानासारख्या लढताना दिसल्या. सरांनी सगळ्यांना गोळा केलं, आपल्या निवृत्त गुरुजींना फोन लावला (ते रडले म्हणे), फोटो काढला, त्यात मला मधोमध उभं केलं. मीही टाळ्या वाजवल्या. दुपारी नळ्या टाकून देताना त्यांच्यावरचे नंबर वाचले, तर लाल झाकणाखाली बऱ्या झालेल्या उंदरांच्याच पेशी! सरांना सांगितलं. ते ओरडले नाहीत, हेच वाईट. एवढंच विचारलं, "शेवटची रजा कधी घेतली होतीस?" मला आठवेना. मग त्यांनी गुरुजींना परत फोन केला. तो अर्ध्या मिनिटात संपला.

बाकी सर्व ठीक. वहिनींना नमस्कार. काळजी नसावी.

तुझी धाकटी

ता. क. काळजी असावी. त्या पेशींना वेळेवर उसंत मिळाली तर बऱ्याचशा सावरतात, फार उशिरा मिळाली तर नाही, हे मी रोज बघते. आप्पा पडल्याला तीन वर्षं झाली. दादा, मी थकले आहे. त्यांना महिनाभर तुझ्याकडे ने.

आणखी ता. क. हे मी, तुझा बाप, लिहितो आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून वाचलं. यातला विषाणू मी, हे कळण्याइतकी अक्कल शाबूत आहे. मला नेऊ नकोस. तू इथे ये आणि हिला हवं तिथे जाऊ दे. तुझ्या हातचं मुकाट्याने जेवेन. रविवारच्या आत ये. मी बसल्या बसल्या तिची बॅग भरायला घेतली आहे.