त्रेसष्टावं गीत

३ फेब्रुवारी

ती. आत्यास,
भिंगरीचा प्रेमाचा सलाम. वि. वि.

फोनवर मी बरी आहे म्हणाले की तुला पटत नाही, आणि कागदावर लिहिलं की तू अक्षरावरून चोरी पकडतेस. नर्सची नोकरी सुटली तरी सवय सुटली नाही तुझी. तेव्हा सरळच लिहिते: बरी नाही. दिवसभर दुकानात चष्म्याच्या काचा घासते, लोकांना कुठली ओळ दिसत नाही ते विचारते आणि घरी येऊन भिंतीकडे तोंड करून पडते. लग्नाचा पांढरा पोशाख अजून कपाटात टांगलेला आहे. कोट काढायचा तर आधी त्याला हात लावावा लागतो, म्हणून एवढ्या थंडीत कोटाशिवाय जाते.

लग्नाआधी चर्चमध्ये तीनदा होते ती पुकार आमची दोनदा झाली, सगळ्या मंडळीने ऐकली, आणि तिसरी व्हायच्या आत माझा ऑर्गनवाला मोठ्या शहरातल्या मोठ्या चर्चमध्ये ऑर्गन वाजवायला निघून गेला. मागून चार ओळी आल्या, की लग्नाला मनाची तयारी नाही, मला विसर. तू त्याला सुरेल म्हणायचीस ना? गेलासुद्धा अगदी सुरात.

बाबांचं विचारलंस. तो पहिल्यांदा घरी आला त्याच दिवशी बाबा म्हणाले होते की हे ओलं लाकूड आहे, वाळलं की वाकणार. मी तेव्हापासून त्यांच्याशी बोलणं टाकलं. आता ते खरे ठरले, म्हणून मला तोंड वर करवत नाही, आणि खरे ठरल्यामुळे त्यांनाही काही बोलवत नाही. एका घरात दोघं राहतो आणि छत्तीसचा आकडा.

आता एक गंमत सांगते. बाबांनी चर्चसाठी केलेली गीतांच्या आकड्यांची पाटी आठवते? शाळेच्या जुन्या बाई शनिवारी संध्याकाळी पाळकांनी दिलेले आकडे तिच्यावर टांगून जातात. गेल्या महिन्यात शेवटचं गीत होतं छत्तिसावं, पश्चात्तापाचं, रडवं. रविवारी पाहतो तर पाटीवर त्रेसष्ट! त्रेसष्टावं म्हणजे लग्नाचं गीत, आत्या, आम्ही दोघांनी आमच्यासाठी निवडलेलं. पुढच्या बाकांनी पाळकांचं ऐकून एक धरलं, मागच्यांनी पाटी बघून दुसरं, आणि आता दोन बोटांनी ऑर्गन वाजवणारी पाळकांची बायको मधल्या मधे अडकली. मी हसले. घरी जाऊन पोटभर जेवलेसुद्धा.

सगळ्यांना वाटलं, बाईंनी आकडे उलटसुलट लावले. पण पुढच्या रविवारी गीत भलतंच होतं, तरी पाटीवर त्रेसष्ट. काल पुन्हा. आणि चर्चची एक किल्ली सुरेलकडेच राहिली आहे. आता तूच काय ते समज.

तुझ्या गल्लीतल्या भिंगांच्या कारखान्यात तू माझ्यासाठी शब्द टाकलास, पण आत्ता नाही येत गं. कोणीतरी मला थांब म्हणतंय. मला वेडी म्हण, पण माया आटू देऊ नकोस.

तुझी,
भिंगरी


१० फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद आणि एक टपली.

ज्याला चार ओळींच्या वर लिहायचा कंटाळा, तो एवढा प्रवास करून येतो, स्टुलावर चढतो, आकडे बदलतो आणि तुला तोंड न दाखवता परत जातो? प्रेमात माणूस आंधळा होतो हे ऐकून होते. चष्मे करणारी होते, हे तुझ्यामुळे कळलं.

रागावू नकोस. तू हसलीस आणि जेवलीस, ते ज्याने कोणी केलं त्याचं देव भलं करो. भूत असलं तरी भलं करो. पण कारखान्याचा मालक जागा मार्चअखेरपर्यंतच धरून ठेवणार आहे. त्याचा धाकटा भाऊ चर्चमध्ये माझ्या मागच्या बाकावर बसतो. तो गायला लागला की माझ्या कानातलं यंत्र शिट्टी मारतं. इतका बेसूर माणूस मी जन्मात पाहिला नाही. म्हणून सांगते, त्याच्यापासून काही धोका नाही.

तुझ्या पत्रात सुरेल पानभर आणि दादा दोन ओळी. दादा जेवतो का? खोकला कसा आहे? चर्चची घंटा वाजवायला अजून अंधारात जातो का? बहीण आहे मी त्याची, मला कोण सांगणार? तो स्वतः पत्र लिहील तेव्हा सूर्य पश्चिमेला उगवेल.

तुझ्यासाठी रोज प्रार्थना करते. देवाला सांगितलंय, तिला हवं ते द्यायची घाई करू नकोस, सोसेल ते दे. कोट घालत जा.

आहे तेवढा जीव तुझ्यावरच टाकणारी,
आत्या


२४ फेब्रुवारी

ती. आत्यास,
सलाम. वि. वि.

कोट घालते आहे, खूश? पोशाखाला हात लागला तरी आता आतून तुटत नाही.

त्रेसष्ट चालूच आहे. बाईंवर सगळ्यांनी एवढा आळ घेतला की त्या बिचाऱ्या डोळे तपासायला आमच्या दुकानात आल्या. नंबर गेल्या वर्षीचाच निघाला. तावातावाने म्हणाल्या की माझा नंबर बरोबर आहे आणि मी लावते तो नंबरही बरोबरच असतो. पाळकांनी हात टेकलेत. ते म्हणतात, पवित्र आत्मा गणितात कच्चा असेल तर आपण कोण बोलणार? गेल्या रविवारी तर बेकरीवाल्या आजोबांच्या स्मरणाची उपासना होती आणि पाटीवर लग्नाचं गीत. सगळे एकमेकांची तोंडं बघत होते. आजींनीच उठून सुरुवात केली. नंतर म्हणाल्या की त्यांना हेच आवडलं असतं, आमच्या लग्नात ते चुकीचं कडवं म्हणत होते.

बाबा ठीक आहेत. खोकला आहे. अंधारातच जातात घंटेला. त्यांना कोणी दिसलं का ते विचारावंसं वाटतं, पण तोंड कोणी आधी उघडायचं? त्यांच्यावर मात्र संशय घेऊ नकोस. पाळकांच्या शब्दाबाहेर त्यांनी कधी खिळासुद्धा ठोकलेला नाही. हल्ली जेवताना माझ्याकडे बघतात, मी वर पाहिलं की ताटात बघतात.

आत्या, मी सुरेलला निरोप पाठवला, की पाटी दिसली मला. उत्तर नाही आलं. तो कधी पटकन उत्तर देत नाहीच. माझं ठरलं आहे, मी थांबते. कारखान्यात सांगून टाक की जागा दुसऱ्याला द्या. तू नाराज होशील, पण टाकू नकोस मला.

तुझी,
भिंगरी


४ मार्च

चि. भिंगरीस,
आशीर्वाद. आज टपली नाही.

कारखान्यात अजून काही सांगितलेलं नाही. गुडघे दुखतात, जिना उतरवत नाही, असं समज. वॉर्डात दाराकडे डोळे लावून बसणाऱ्या बायका मी पुष्कळ पाहिल्या. ज्याची वाट बघायच्या तो यायचा नाही, आणि उशाशी बसलेला माणूस त्यांना दिसायचा नाही. त्या उशाच्या माणसाचीच मला जास्त कीव यायची.

तुला एक जुनी गोष्ट सांगते. दादा आणि मी लहानपणी कुत्र्यामांजरासारखे भांडायचो. भांडलो की एकमेकांकडे पाठ करून बसायचो, घासभर जेवायचो नाही. मग आमची आई पाटीवर छत्तीस काढायची आणि म्हणायची, बघा, तीन आणि सहा कसे पाठ फिरवून बसलेत. तेच आकडे पुसून उलटे लिहायची, की झाले समोरासमोर. चला, त्रेसष्ट व्हा, म्हणायची. आमच्या घरात माफ कर हा शब्द कोणी वापरायचा नाही. त्रेसष्ट व्हायचं का, एवढंच विचारायचं. दादा फार हट्टी, पण विचारायला आधी तोच यायचा.

तुझ्या आईच्या माघारी तुमच्या घरात हे बोलणं राहिलं की नाही, मला माहीत नाही. मी काही म्हणत नाही. रविवारी जरा लवकर ऊठ.

तुझ्यावरचा लोभ रतीभर कमी न झालेली,
आत्या


१७ मार्च

ती. आत्यास,
सलाम.

तुझं पत्र वाचून मी चिडले होते. घडी करून ठेवून दिलं. मग शनिवारी बाई नवा चष्मा न्यायला आल्या आणि काचा पुसत पुसत हळूच म्हणाल्या की तुला दुसऱ्या कोणाकडून कळण्यापेक्षा मीच सांगते. त्या मोठ्या चर्चमध्ये सुरेलच्या लग्नाची पुकार झाली. तिसरीसुद्धा झाली. मुलगी तिथलीच आहे.

मी त्यांना चष्मा घालून दिला, कानामागे टोचत नाही ना विचारलं, दोन्ही काड्या नीट केल्या. रात्रभर एकच डोक्यात, की तो तिकडे असेल तर इकडे त्रेसष्ट कोण लावतंय?

काल बाबांच्या मागोमाग गेले. चर्चचं दार लोटलेलं होतं. बाबा स्टुलावर उभे होते, सहाचा आकडा बाहीने पुसत होते. मला पाहून म्हणाले की आकडे वाकडे झाले होते, सरळ करतोय. जन्मात पहिल्यांदा खोटं बोलले, तेही वेदीसमोर, आणि तेही धड जमलं नाही.

मी बाकावर बसले आणि ढसाढसा रडले. तुला खरं सांगते, मी बाबांसाठी नाही रडले. तो नव्हता म्हणून रडले. इतके आठवडे मी ज्याच्याशी मनातल्या मनात बोलत होते, तिथे कोणीच नव्हतं. आणि हे सगळं माझ्या बापाला माझ्या तोंडावर वाचता येत होतं.

ते उतरून शेजारी बसले. हातातला सहा कुठे ठेवावा ते त्यांना कळेना. हळूहळू सांगितलं. पहिल्या रविवारी त्यांनी मला त्यांच्या आईचं, म्हणजे आजीचं, ते त्रेसष्ट विचारलं होतं. मी हसले, घरी आले, त्यांच्यासमोर बसून जेवले. त्यांना वाटलं, हेच माझं उत्तर. पण मी बोलले नाही, म्हणून पुढच्या रविवारी पुन्हा विचारलं. मी दर वेळी हसत होते आणि दर वेळी गप्प राहत होते. आपल्याला अजून पुरती माफी मिळालेली नाही, असं समजून ते विचारत राहिले. ते लग्नासाठी आम्ही निवडलेलं गीत आहे, हे त्यांना माहीतच नव्हतं. कोण सांगणार? मी कुठे बोलत होते त्यांच्याशी?

मी ते सांगितलं तेव्हा त्यांचा चेहरा बघवेना. लाकडावर चुकून घाव बसावा तसे बघत राहिले. मग म्हणाले की मी तुला ते बोललो त्या दिवसापासून रोज देवाजवळ एकच मागितलं, या वेळी मला खोटा पाड. मी खोटा ठरलो असतो तर नाचलो असतो.

घंटा उशिरा झाली. लोक दाराशी येऊन उभे होते. त्रेसष्टावं गीत झालं तेव्हा मला एक शब्द म्हणता आला नाही. बाबांचा खांदा मात्र माझ्या खांद्याला लागून होता.

तुझ्या गुडघ्यांना जिना उतरायला सांग. जागा असेल तर येते. बाबाच जा म्हणतात. मी आहे तशी तुटलेलीच, पण येते. तेवढी पदरात घे.

तुझी,
भिंगरी


२१ एप्रिल

चि. भिंगरीस,
बाबांचा आशीर्वाद.

पत्र लिहायची सवय नाही. सूर्य कुठे उगवला ते तुझ्या आत्याला बघायला सांग.

तुझं काम बरं चाललंय हे वाचून समाधान वाटलं. रडू येतं लिहिलंस, ते यायचंच. ओलं आहे तोवर लाकडाला रंधा मारू नये. सुकू दे. शेजारी काचा घासणारा बेसूर गातो, त्याने तुला हसू येतं, असं आत्या कळवते. हसण्यात पाप नाही.

परवा बाई माझ्यावर बिघडल्या. पाळकांनी पुन्हा छत्तिसावं गीत दिलं आणि त्यांना तीन आणि सहा सापडेनात. तुझ्या कोटाच्या आतल्या खिशात बघ. तू निघालीस त्या दिवशी मी ठेवले. पाळकांना विचारलं नाही. एकदा वळण बिघडलं की बिघडलंच.

रविवारी पाटीवर शेवटच्या ओळीचे खिळे रिकामे होते. पाळकांनी गीताचा आकडा सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात मी मागून उभा राहिलो आणि त्रेसष्ट म्हणालो. सगळे वळून बघायला लागले. मी चर्चमध्ये कधी बोललेलो नाही. पाळक म्हणाले की बरं, त्रेसष्ट. मग सगळ्यांनी म्हटलं. मीपण म्हटलं. चाल येत नाही मला, तरी म्हटलं.

नवे आकडे करायला घेतलेत. तीन आणि सहा एकाच साच्यातून निघतात, साचा उलटा केला की झालं. जुने तुझ्याकडे राहू देत. कामाच्या टेबलासमोर लाव, पण नीट समोरासमोर लाव.

तुझा पोशाख बाईंनी मागितला, त्यांच्या भाचीसाठी. तुला विचारल्याशिवाय देणार नाही. कपाट उघडत नाही मी.

घर शांत आहे. तू इथे होतीस तेव्हा आपण दोघंही आपापल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून झोपायचो, मला माहीत होतं. आता मी कूस बदलली आहे. पडल्या पडल्या दार दिसतं.

सुट्टी मिळाली की ये,
बाबा